उजेडाचे डोंगर, दगडाच्या खाचा

अंबाजोगाईच्या खोलेश्वर मंदिराचा शिलालेख शके ११६२चा, म्हणजे इ.स. १२४०चा आहे. खोलेश्वर हा यादव राजा सिंघण याचा सेनापती. त्याचा मुलगा राम रणात पडला आणि बहीण लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारले, ही हकिकत या लेखातून कळते. अशी अक्षरे झिजली की माणसांची आठवणही पुसट होते. म्हणून झिजलेले लेख वाचण्यासाठी आता संगणकाची मदत घेतली जाते.

जुना कोरीव लेख भर दुपारी पाहिला तर दगड सपाट वाटतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र अक्षरे उठून दिसतात, कारण प्रत्येक खाचेत सावली पडते. त्या वेळी काढलेल्या फोटोत ही सावली आकड्यांच्या रूपात साठते. कृष्णधवल फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, साधारणपणे ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र.

आता हा आकडा उंची म्हणून वापरायचा. फोटो आडवा ठेवला आहे अशी कल्पना करा आणि प्रत्येक ठिपक्यावर त्याच्या आकड्याइतका उंच खांब रोवा. खांबांच्या माथ्यांवर चादर पसरली की डोंगरदऱ्यांचा नकाशा तयार! अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी विकसित केलेल्या 'इमेजजे' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटो तपासायला संशोधक ते वापरतात. डोळ्यांना न जाणवणारा उजेडातला बारीक फरकही या नकाशात ठळक होतो.

पण इथेच फसगत होते. खाचेवर डावीकडून उजेड पडला, तर तिची डावी भिंत सावलीत जाते आणि उजवी उजळते. ओळीने आकडे येतात असे : १२०, ४०, २००, १२०. नकाशात एक दरी आणि तिच्या शेजारी एक टेकडी दिसते. प्रत्यक्षात दगडावर टेकडी नाहीच, फक्त खाच आहे. दिवा उजवीकडे नेला की दरी आणि टेकडी जागा बदलतात. दगडावर चुन्याचा शिंतोडा असेल तर त्याचा डोंगर होतो, तेलाच्या डागाचा खड्डा. थोडक्यात, हा नकाशा उजेडाचा आहे, दगडाचा नाही.

यावरचा उपाय रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८०मध्ये मांडला. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. दिवा मात्र वेगवेगळ्या दिशांना धरून अनेक फोटो घ्यायचे. दिवा फिरला तरी डागाचा रंग तोच राहतो, उतारावरचा उजेड मात्र बदलतो. त्या बदलावरून प्रत्येक ठिकाणचा उतार काढता येतो आणि उतारांवरून खरा पृष्ठभाग.

हीच खबरदारी दवाखान्यातही हवी. एक्स-रेमध्ये हाड पांढरे दिसते, कारण तिथून किरण कमी प्रमाणात पलीकडे जातात. त्याचा असा नकाशा केला तर हाडाचा डोंगर दिसेल, पण ती उंची नव्हे. किरण किती अडले याचा तो हिशेब आहे. तसेच, मोबाइलवर काढलेल्या तिळाच्या फोटोचे असे चित्र पाहून तो वाढला की नाही, हे ठरवू नका. तीळ आकार किंवा रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

गावातला जुना लेख वाचायचा असेल, तर अक्षरांत खडू, तेल किंवा रंग भरू नका. त्याने दगड खराब होतो आणि फोटोही फसवतो. सकाळी एक, संध्याकाळी एक फोटो घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आठशे वर्षांपूर्वी बहिणीने भावासाठी जपलेली आठवण आपल्यापर्यंत पोचली. ती पुढे पोचवायला तिरपे ऊन आणि थोडा धीर पुरेसा आहे.