उलटी थांबल्यानंतरचे दोन दिवस

शिबिरात चार मुलांना उलट्या झाल्या की सगळ्यांच्या नजरा मुदपाकखान्याकडे वळतात. पनीर कुठून आणले, भात कालचा तर नव्हता? प्रश्न रास्त आहेत, पण आधी घड्याळ पाहावे. स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या विषाने नासलेले जेवण खाणाऱ्यांना काही तासांतच, जवळजवळ एकदम आडवे करते. नोरोव्हायरस शरीरात शिरल्यावर त्रास सुरू व्हायला साधारण १२ ते ४८ तास लागतात. म्हणून आज एक, उद्या तिघे, परवा अख्खा तंबू. साथ अशी टप्प्याटप्प्याने चढत असेल तर नुसते आचाऱ्याला दटावून काही साधत नाही. ती आवरावी लागते आजारी मुलाभोवती, आणि त्याहून जास्त ‘आता बरं वाटतंय’ म्हणत मैदानाकडे धावणाऱ्या मुलाभोवती.

या विषाणूची चिवटाई २०१० साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या मुलींच्या एका फुटबॉल संघाने अनुभवली. स्पर्धेच्या मुक्कामात एका मुलीला उलट्या सुरू झाल्या. हॉटेलच्या बाथरूममध्ये खाऊची पिशवी होती; तिने तिला हातही लावला नव्हता. ती घरी परतली, बाकीच्यांनी पिशवीतला खाऊ वाटून खाल्ला आणि आणखी सात जण आजारी पडले. दोन आठवड्यांनंतरही पिशवीवर विषाणूचा माग सापडला. उलटीचे सूक्ष्म तुषार हवेत उडून आजूबाजूला बसतात आणि आजार व्हायला विषाणूचे थोडेसे कणही पुरतात. म्हणूनच फरशीवर ओले पोतेरे फिरवणे म्हणजे सफाई नव्हे. हातमोजे घालून घाण उचलावी, मग ५ टक्के क्लोरीनच्या द्रव ब्लीचचा १ भाग ४९ भाग पाण्यात मिसळून ती जागा निदान पाच मिनिटे भिजू द्यावी. तंबूच्या दाराशी टांगलेली सॅनिटायझरची बाटली इथे फारशी कामाची नाही. अल्कोहोल करोनाचे स्निग्ध आवरण फोडते. नोरोव्हायरसला ते आवरणच नसते. साबण आणि वाहते पाणी हवे.

शिबिर गुंडाळून मुलांना घरी धाडणे सोपे वाटते. पण लागण होऊनही अजून धडधाकट दिसणारी मुले त्याच बसमध्ये बसतात आणि साथ घरोघरी पोचते. आजारी मूल वेगळ्या खोलीत, वेगळ्या संडासासह ठेवावे, उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास, ओआरएस घोट-घोट पाजावे. लघवी कमी झाली वा ते मलूल पडले तर डॉक्टर गाठावा. मुलाला वाळीत टाकल्यासारखे वाटेल, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय सोबतीचा: एकच ठरावीक ताई किंवा दादा त्याच्याजवळ असावा. बरे झाल्यावरही विषाणू विष्ठेतून दोन आठवडे किंवा जास्त पडत राहतो, मग ४८ तासच का, असेही कोणी विचारेल. इतके दिवस कोणाला कोंडता येत नाही. सुरुवातीला विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो, तेवढा काळ टाळायचा आणि पुढे भिस्त हात धुण्यावर. तेव्हा ज्या दादाच्या उलट्या-जुलाब शुक्रवारी दुपारी थांबले, त्याने शनिवारी समारोपाच्या पंगतीत वाढायला उभे राहू नये, मग वाढपी कितीही कमी पडोत.