गुडघा बसला, पण पाऊल गार का?

दुचाकी घसरते, गुडघा वेडावाकडा होतो. सोबतचे पाय ओढून सरळ करतात, कधी तो आपोआपही जागेवर बसतो. एक्स-रेत हाड मोडलेले दिसत नाही. मग ‘मुका मार’ म्हणून घट्ट पट्टी बांधून रुग्ण घरी जातो आणि कधी कधी त्याचा पाय वाचत नाही.

वाटी सरकणे वेगळे, सांधा निखळणे वेगळे. सांधा निखळतो तेव्हा मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांपासून सुटते. गुडघ्यामागच्या लवणीतली धमनी वर मांडीच्या स्नायूपाशी आणि खाली पोटरीपाशी जखडलेली असते. त्यामुळे हिसका बसला की ती ताणली जाते. कधी तुटते; कधी बाहेरून धड राहून फक्त आतला पापुद्रा फाटतो आणि तिथे हळूहळू गुठळी धरते. सकाळी लागलेली नाडी संध्याकाळी हरवते ती अशी. म्हणूनच नाडी लागली तरी अशा रुग्णाला किमान २४ तास दवाखान्यात ठेवून ती पुन्हा पुन्हा पाहावी लागते.

तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाने भागायचा. उत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर धमनीचा सीटी अँजिओग्राम करायचा. पाऊल गार, पांढरे, बधिर आणि नाडी बेपत्ता असेल, तर स्कॅनसाठीही न थांबता थेट शस्त्रक्रिया.

दुसऱ्या महायुद्धात ही धमनी बहुधा बांधून टाकत. डीबेकी आणि सिमियोन यांनी १९४६ साली मांडलेल्या हिशेबात अशा दर चार अमेरिकी जखमींपैकी जवळपास तिघांचा पाय कापावा लागला होता. आज दुसऱ्या पायाची शीर काढून, ती उलटी फिरवून जोडतात. पोटरीवर लांब चिरा देऊन दाबही मोकळा करतात. उघडी पोटरी पाहून नातेवाईक हादरतात. पण पाय वाचतो तो बऱ्याचदा त्या चिऱ्यांमुळेच.

मात्र हे सगळे साधारण सहा तासांत व्हायला हवे. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर. ऊसतोडीच्या फडातून किंवा आष्टी-पाटोद्याच्या वस्तीवरून निघालेल्याचे निम्मे तास रस्त्यातच जातात; त्यात आधी हाडवैद्याकडे चोळून घेतले तर उरलेलेही. पाय ओढू नये, आहे तसा फळीला सैल बांधावा आणि १०८ ला फोन करावा. पुढे पाठवताना चिठ्ठीवर अपघाताची नेमकी वेळ लिहून घ्यावी. दाखल केल्याची वेळ प्रत्येक कागदावर असते, ही मात्र बहुतेकदा नसते.