मोटारीच्या वायपरमधील बिघाड : निदान व दुरुस्तीचा क्रम

प्रास्ताविक :

मेरी अँडरसन या अमेरिकन महिलेने १९०३ मध्ये वाहनाच्या काचेवरील पाणी व बर्फ पुसणाऱ्या, आतून हाताने चालवावयाच्या साधनाचे पेटंट मिळविले. आज हे साधन ऐच्छिक राहिलेले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ अन्वये काच असलेल्या मोटारीस कार्यक्षम वायपर आवश्यक आहे. महाराष्ट्रात मात्र वायपर वर्षातील बराच काळ निष्क्रिय असतो आणि जूनच्या पहिल्या सरीत, कित्येकदा ऐन घाटात, त्याची गरज भासते. मधल्या काळात धूळ व गंज यांमुळे सांधे आवळले जातात. म्हणजे बिघाड पावसात दिसला तरी त्याचे मूळ बहुधा उन्हाळ्यात असते. असे असता 'मोटर जळाली' असा तर्क करून ती थेट बदलली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. निदान सोप्या व स्वस्त भागापासून सुरू व्हावे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात त्याचा क्रम मांडला आहे.

रचना व कार्य :

बॅटरीतील १२ व्होल्टचा प्रवाह फ्यूज, स्विच व रिले यांतून वायपरच्या मोटरकडे जातो आणि गाडीच्या सांगाड्यातून, म्हणजे अर्थमधून, परत येतो. मोटरची वेगवान गती वर्म गिअरमुळे मंद व जोरकस होते. क्रँक व जोडदांड्या या वर्तुळाकार गतीचे रूपांतर पात्यांच्या पुढेमागे होणाऱ्या हालचालीत करतात. गिअरच्या पेटीतील एक संपर्क, स्विच बंद केल्यानंतरही, पाती काचेच्या तळाशी येईपर्यंत प्रवाह चालू ठेवतो.

लक्षणांवरून निदान :

निदानाची पहिली कसोटी कान ही होय. काच ओली करून व इंजिन बंद ठेवून, केवळ चावी फिरवून वायपर सुरू करावा.

१. मोटरचा आवाज येतो, पण पाती हलत नाहीत : दोष यांत्रिक आहे. क्रँकचा नट सैल झाला असेल किंवा जोडदांडी निखळली असेल. एकच पाते हलत नसेल, तर त्या पात्याच्या मुळाशी असलेला नट प्रथम पाहावा.

२. आवाज मुळीच येत नाही : दोष बहुधा विद्युत स्वरूपाचा आहे. फ्यूज, रिले, स्विच, अर्थ व शेवटी मोटर असा क्रम ठेवावा.

३. केवळ गुणगुण ऐकू येते किंवा पाती अतिशय मंद चालतात : गंजलेले सांधे किंवा कमकुवत अर्थ संभवतो.

४. एकाच गतीवर चालतो : स्विचचा संपर्क किंवा मोटरमधील ब्रश तपासावा.

५. बंद करताच पाती काचेच्या मध्येच थांबतात : गिअरच्या पेटीतील संपर्क खराब झालेला असतो.

फ्यूज : कारण की परिणाम?

जळालेला फ्यूज बदलल्याने काम झाले असे मानणे ही सर्वसाधारण चूक आहे. फिरणारी मोटर उलट दाब निर्माण करून स्वतःचा प्रवाह मर्यादित ठेवते; अडकलेली मोटर तसे करू शकत नाही, म्हणून प्रवाह अनेक पटींनी वाढतो व फ्यूज जळतो. नवा फ्यूजही जळाला, तर सांधे आवळले आहेत किंवा तारेत शॉर्ट आहे असे समजावे. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज बसविणे म्हणजे तार तापून आग लागण्यास वाव देणे होय.

मोटरपर्यंतची तपासणी :

मोटरच्या जोडणीवर मल्टिमीटरने १२ व्होल्ट दिसले म्हणजे तार निर्दोष आहे असे नव्हे. गंजलेली तारही भार नसताना पूर्ण दाब दाखविते. म्हणून जोडणी न काढता, स्विच सुरू ठेवून मोजमाप घ्यावे. त्याच स्थितीत मोटरचे अर्थचे टोक व बॅटरीचे ऋण टोक यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळला, तर अर्थचा सांधा घासून, स्वच्छ करून घट्ट करावा. मोटरला पुरेसा दाब व चांगला अर्थ मिळूनही, आणि जोडदांडी सोडविल्यावरही ती फिरत नसेल, तरच मोटर सदोष ठरते. अलीकडील अनेक गाड्यांत वायपरचे नियंत्रण संगणकीय घटकाकडे असते. तेथे मोटरला थेट प्रवाह देऊ नये, स्कॅनरची मदत घ्यावी.

दुरुस्तीतील दक्षता :

यंत्रणेत हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. जोडदांड्या अचानक हलल्यास बोटे चिरडू शकतात. पाती काढण्यापूर्वी त्यांची जागा काचेवर चिकटपट्टीने खुणावून ठेवावी. पात्याचा दांडा स्प्रिंगच्या जोराने आपटून काच तडकू नये म्हणून खाली जाड कापड अंथरावे. आवळलेल्या सांध्यात गंज सोडविणारे तेल सोडून तो हाताने मोकळा करावा व नंतर ग्रीस लावावे. पाती पुन्हा बसविण्यापूर्वी मोटर एकदा चालवून बंद करावी, म्हणजे ती विश्रामस्थितीत येते.

समारोप :

ऐकणे, तपासणे, मोजणे व अखेरीस बदलणे, हा क्रम पाळल्यास अनावश्यक खर्च टळतो. मे महिन्यात काच ओली करून वायपर सर्व गतींवर काही मिनिटे चालवून पाहिल्यास बहुतेक दोष पावसापूर्वीच उघड होतात. भर पावसात तो बंद पडल्यास मात्र निदानाचा मोह टाळून गाडी रस्त्याबाहेर सुरक्षित जागी उभी करावी. समोरचे दिसत नसताना वाहन हाकणे हे स्वतःच्या व इतरांच्याही जिवाशी खेळणे होय.