कष्ट सगळेच करतात, मग पैसा कुणाच्या हाती राहतो? गलाई बांधवांकडून शिकण्यासारखं बरंच काही

बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या गावागावांतून माणसं गोव्याला, पुण्याला, मुंबईला कामाला जातात. त्यातले काही जण दहा-पंधरा वर्षांत गावाकडे घर बांधतात, धाकट्या भावंडांना शिकवतात, स्वतःचं दुकान टाकतात. काही जण मात्र तेवढंच राबूनही होते तिथेच राहतात. यात नशिबाचा भाग असतो, पण सगळं नशिबावर ढकलता येत नाही. हा फरक नेमका कुठे पडतो, हे समजून घ्यायला गलाई बांधवांचं उदाहरण उपयोगी आहे.

दुष्काळी पट्ट्यातून सोन्याच्या भट्टीकडे

सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका (आपल्या बेळगावजवळचा नव्हे), शेजारचा आटपाडी आणि कवठे महांकाळचा भाग म्हणजे कमी पावसाचा पट्टा. शेतीवर घर चालेना म्हणून विटा परिसरातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. आज केरळ-तामिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीत मराठी गलाईवाला भेटतो.

काम तसं अंगमेहनतीचं. जुने दागिने मुशीत घालून वितळवायचे, टंच काढायचा, तेजाबाने भेसळ वेगळी करून शुद्ध सोनं परत द्यायचं. सोनाराच्या दुकानातला केर आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नाही, त्यातूनही सोन्याचे कण काढले जातात. ज्या धंद्यात झाडून काढलेल्या धुळीलाही किंमत आहे, तिथे कणाकणाचा हिशेब ठेवायची सवय आपोआप लागते.

पोरगा मालक कसा होतो?

साधारण पद्धत अशी. गावातला पोरगा मामाच्या, चुलत्याच्या नाहीतर गाववाल्याच्या दुकानात कामाला लागतो. सुरुवातीला पगार थोडा, पण राहणं-जेवण दुकानमालकाकडेच. चार-पाच जण एका खोलीत राहतात, स्वयंपाक सामाईक असतो. पगारातला फार थोडा भाग खर्च होतो, बाकीचा गावाकडे जातो किंवा साठतो. काही वर्षांत काम हातात बसतं, बाजारातले सराफ ओळखू लागतात. मग तोच पोरगा नात्यातल्या लोकांच्या मदतीने दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकतो आणि पुढच्या पोराला बोलावून घेतो.

यात तीन गोष्टी एकत्र येतात. खर्च कमी होता, हे खरंच. पण त्याच काळात कसब वाढत होतं आणि विश्वासही कमावला जात होता. सराफ लाखोंचं सोनं भरवशावर हाती देतो, तेव्हा तो भरवसा हेच भांडवल असतं. नुसती काटकसर केली असती तर पोरगा आयुष्यभर काटकसरी नोकरच राहिला असता.

मग ऊसतोड मजूर मागे का राहतात?

आता दुसरी बाजू बघा. दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड मजूर आपल्याकडच्या कारखान्यांवर येतात. पहाटे अंधारात फडात उतरतात. त्यांचे कष्ट गलाईवाल्यापेक्षा तसूभरही कमी नाहीत, आणि पालात राहणाऱ्याला काटकसर शिकवायची गरज नाही.

फरक पैशाच्या दिशेत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याची उचल मुकादमाकडून हंगामाआधीच घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुनं देणं फेडण्यात संपून जाते. मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. आजारपणाने खाडा पडला तर तेही अंगावर येतं. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. गलाईचा पोरगा आधी राबतो आणि मग साठवतो. इथे आधीच खर्च झालेल्या पैशासाठी राबावं लागतं. म्हणून ‘कष्ट करा, पैसा येईल’ हे अर्धंच खरं आहे.

हिशेब मांडून बघा

महिना ३ टक्के व्याजाने ५० हजार रुपये घेतले, तर दरमहा १,५०० रुपये नुसतं व्याज जातं, वर्षाला १८ हजार. मुद्दल जागच्या जागी. अशा वेळी चहा-नाश्ता वाचवून काही होत नाही. आधी ते कर्ज फेडणं हीच सगळ्यात मोठी बचत.

उलट, दरमहा ३ हजार रुपये १५ वर्षं बाजूला टाकले तर आपले ५ लाख ४० हजार होतात. वर्षाला ७ टक्के परतावा धरला तर ही रक्कम साधारण साडेनऊ लाखांवर जाते. यासाठी पगार झाल्या दिवशीच पैसे बाजूला काढावे लागतात. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हटलं, की काही उरत नाही.

बाहेरगावी काम करणाऱ्यांनी काय बघावं?

- पैसा कुठे ठेवता? बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही. जास्त व्याज देतात म्हणून सगळी पुंजी एका पतसंस्थेत किंवा भिशीत ठेवू नका.
- विमा काढलाय का? प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. जीवन ज्योती बीमा योजनेचा हप्ता ४३६ रुपये आहे आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात. दोन्ही बँक खात्यातून सुरू करता येतात.
- म्हातारपणाचं काय? १८ ते ४० वयाच्या लोकांना अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना १ ते ५ हजारांची पेन्शन मिळते. प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र यात नव्याने सामील होता येत नाही.
- रेशन तिथेच घ्या. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे केंद्राच्या योजनेतलं धान्य गोव्यात किंवा पुण्यातही घेता येतं.
- गावाकडे पाठवलेला पैसा कुणाच्या नावावर? घर किंवा जमीन घेतली तर कागद बघा, आणि बायकोचं नाव लावा. भावकीतले अर्धे वाद इथेच सुरू होतात.

काटकसर कुठे करू नये

काही ठिकाणी हात आखडता घेतला तर पुढे दुप्पट भरावं लागतं. तेजाबाच्या वाफा छातीत जातात. धूर बाहेर काढायची सोय न करता वाचवलेले पैसे शेवटी दवाखान्यातच जातात. जेवण, औषधपाणी आणि मुलांची शाळा यांनाही हेच लागू पडतं.

बाहेरगावी जाणाऱ्या पोराला घरातून ‘जपून राहा, पैसे उडवू नको’ असं सांगितलं जातं. त्याच्या जोडीला आणखी एवढं सांगायला हवं: उचल घेऊ नको, दरवर्षी हाताला एखादं नवं काम शिकव, आणि वाचलेला पैसा स्वतःच्या नावावर, सुरक्षित जागी ठेव.