हयातीचा दाखला आणि फोनवरची कचेरी

साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या, जुना किल्ला सांभाळून असलेल्या गावी, वृद्ध शेतकरी असो वा निवृत्त गुरुजी, त्याचा सरकारदरबारी असलेला व्यवहार आता बहुतांशी हातातील फोनवरूनच चालतो. धानाचे चुकारे बँकेत जमा होतात, किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६००० रुपये तीन हप्त्यांत येतात आणि नोव्हेंबर उजाडला की पेन्शनीत निघालेल्यांना हयातीच्या दाखल्याची काळजी लागते. नेमका हाच धागा धरून ठक घरात शिरतो. ‘हप्ता अडकला आहे’, ‘पेन्शन बंद होईल’ असे सांगून तो एखादे अ‍ॅप घ्यावयास लावतो. एनीडेस्क हे असेच एक, वस्तुतः दूरच्या संगणकाची दुरुस्ती करण्याकरिता निर्माण झालेले साधन; त्यातील क्रमांक सांगून परवानगी दिली, की आपल्या पडद्यावर उमटणारी अक्षरे, बँकेच्या ओटीपीसह, त्या अनोळखी माणसाला वाचता येतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याविषयी इशारा दिला होता.

दुसरा मार्ग निव्वळ दहशतीचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकेच्या करखात्याचे अंमलदार असल्याची बतावणी करून तिकडच्या नागरिकांना अटकेची धमकी दिली जात असल्याचे उघड झाले. आज तोच दरारा आपल्या वडीलधाऱ्यांवर ‘डिजिटल अटक’ या नावाने गाजविला जातो. वास्तविक फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही, आणि २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनीही हे देशाला बजावले.

माझ्या मते वृद्ध फसतात ते बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे. समन्स, जप्ती, चौकशी या शब्दांपुढे मान तुकविण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या त्या आज्ञाधारकपणाचाच हा गैरफायदा आहे. पुढे, ‘मुले काय म्हणतील’ या लाजेने ते गप्प बसतात आणि तेवढ्या अवधीत पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पसार होतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविली, तर वाटेतच रक्कम गोठविली जाण्याची शक्यता असते. विलंबाबरोबर ती घटत जाते. म्हणून घरच्या तरुणांनो, आजोबांवर रागावू नका. कोणताही फोन आला तरी ‘आधी नातवाला विचारतो’ एवढे म्हणण्याची मोकळीक त्यांना द्या, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी १९३० हा आकडा ठळक अक्षरांत आजच लिहून ठेवा.