मालिशचे हुनर : फी भरण्यापूर्वी माल पारखून घ्या

दहावी-बारावीनंतर मुला-मुलींनी करावे काय, हा प्रश्न आम्हा कापडवाल्यांना पेढीवर बसल्या-बसल्या आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. पूर्वी नागपुरात या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल होती, मोमिनपुऱ्यात हातमाग होते. बाप करी तेच मुलगा करी. मिल २००२ साली बंद पडली. हातमाग त्याआधीच थकले होते. यंत्र बंद पडले की यंत्रावरचा कामगार रस्त्यावर येतो. परंतु ज्याचे हुनर त्याच्या स्वतःच्या हातात असते, तो आपले दुकान अंगावर घेऊन फिरतो. म्हणूनच अलीकडे काही पालक मालिशच्या, म्हणजे ज्याला आता ‘मसाज थेरपी’ म्हणतात त्या शिक्षणाविषयी चौकशी करू लागले आहेत. दोन-तीन खोल्यांत चालणाऱ्या लहान संस्था हे शिक्षण देतात. फी घेतात, सर्टिफिकेट देतात. हा सौदा करावा की करू नये, आणि करावयाचा तर माल कसा पारखावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

काम हलके नाही

पालकांची पहिली अडचण पैशाची नसते, अब्रूची असते. ‘आमचा मुलगा लोकांचे पाय चेपणार काय?’ असे विचारले जाते. त्यांना आमचे सांगणे असे की, ज्या युनानी तिबचा आपण अभिमान बाळगतो, तिच्यात मालिश हा इलाजाचा एक रीतसर भाग आहे. त्यास ‘दलक’ म्हणतात आणि तो ‘इलाज बित-तदबीर’ या शाखेत शिकविला जातो. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात दलकचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. जोराची मालिश अंग घट्ट करते, हलकी मालिश अंग सैल करते, फार वेळ केलेली मालिश अंग उतरविते आणि बेताची मालिश अंग भरते. कसरतीपूर्वीची मालिश निराळी आणि नंतरची निराळी. आयुर्वेदातही चरकसंहितेने अभ्यंग रोजच्या दिनचर्येत घातला आहे. आजही पंचकर्मापूर्वी तेल लावणे आणि शेकणे या दोन क्रिया आधी केल्या जातात. नागपुरात सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात हे शास्त्र म्हणून शिकविले जाते.

आपल्या शेजारच्या सेवाग्रामचे उदाहरण घ्या. १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित महारोगाने पीडित होऊन आश्रमात आले. लोक त्यांच्या जवळ जाण्यास भीत. गांधीजी स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश करीत. ज्या कामाला गांधीजींनी हात लावला, त्याला हलके कसे म्हणावे?

धंद्याच्या दृष्टीने तर पाटण्याच्या दीन मोहम्मद यांची हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १७५९ साली जन्मलेला हा गृहस्थ कंपनीच्या फौजेत नोकरी करून विलायतेस गेला. १८१० मध्ये त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी खाण्याचे हॉटेल काढले. दोन वर्षांत दिवाळे निघाले. पुढे १८१४ मध्ये समुद्रकाठच्या ब्रायटन शहरी त्याने वाफेचे स्नान आणि चंपी सुरू केली. तेथे त्याचे असे नाव झाले की, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही बादशहांनी त्याची नेमणूक केली. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्या ‘चांपणे’ या शब्दापासूनच गेला आहे. भांडवलाचे हॉटेल बुडाले, हाताचे हुनर तरले.

अब्रू शिस्तीने राहते

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘स्पा’ आणि ‘मसाज पार्लर’च्या पाटीआड गैरधंदे चालतात, पोलिसांचे छापे पडतात, नागपूरच्या वृत्तपत्रांतही अशा बातम्या येतात. पालकांची भीती खोटी नाही. परंतु हा रोग आजचा नाही आणि त्यावरील औषधही जुनेच आहे.

लंडनमध्ये १८९४ साली नेमकी हीच बदनामी गाजली. तेथील मालिशच्या काही केंद्रांविषयी डॉक्टरांच्या नियतकालिकाने टीका छापली. तेव्हा सचोटीने हे काम करणाऱ्या चार परिचारिकांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली. त्यांनी परीक्षा ठेवली आणि कडक नियम केले. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मालिश करावयाची नाही, पुरुषांची सर्वसाधारण मालिश घ्यावयाची नाही, रोग्यास औषधे विकावयाची नाहीत, वाटेल तेथे जाहिरात द्यावयाची नाही. पुढे १९२० मध्ये या संस्थेला राजाची सनद मिळाली आणि आज तीच ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची मुख्य संस्था आहे. चार बायांनी नियम पाळले म्हणून एका बदनाम कामाचा सन्मानाचा पेशा झाला. आपल्या मुला-मुलींनाही हाच मार्ग आहे : पुरुषांनी पुरुषांची, स्त्रियांनी स्त्रियांची मालिश करावी. गिऱ्हाईकाच्या अंगावर सतत चादर असावी, जेवढा भाग चोळावयाचा तेवढाच उघडा करावा. काम दिवसाउजेडी, नाव-पत्ता वहीत लिहून आणि पावती देऊन करावे. आपल्याकडे सतर सांभाळण्याची जी शिकवण आहे, ती या धंद्यात आड येत नाही. उलट तीच खरी पत आहे.

शिकावयाचे काय?

हात फिरविणे एका आठवड्यात येते. कोठे हात फिरवू नये हे कळण्यास मात्र वेळ लागतो, आणि फी द्यावयाची ती त्यासाठी.

चांगल्या वर्गात आधी शरीराची ओळख करून देतात. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडे आणि सहाशेच्या वर स्नायू असतात. त्यांपैकी मुख्य कोठून निघतात, कोठे जोडले जातात, रक्त कोणत्या दिशेने वाहते, नस कोठे उथळ आहे, हे कळले पाहिजे. मग हाताच्या क्रिया येतात : लांब हात फिरविणे, मळणे, घासणे, थापटणे आणि कंप देणे. आज जगभर शिकविल्या जाणाऱ्या या क्रियांची घडी एकोणिसाव्या शतकात योहान मेत्सगर या डच वैद्याच्या नावाशी जोडली जाते. सोबत तेलांची ओळख, हात धुणे आणि नखे कापणे, स्वतःच्या अंगठ्याला इजा न होता अंगाचा भार कसा द्यावा, हे शिकवितात. अंगठा आणि मनगट ही या धंद्यातली यंत्रे आहेत. ती चुकीच्या पद्धतीने वापरली तर काही वर्षांतच निकामी होतात.

सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणजे ‘नाही’ म्हणणे. ताप असेल, कातडीचा संसर्ग असेल, ताजी जखम अथवा मोडलेले हाड असेल, तर मालिश नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर तेथे रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. असा माणूस आला तर त्याला हात न लावता थेट मेडिकल किंवा मेयोला पाठवावे. मधुमेहाने पाय बधिर झालेला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा, कॅन्सरचा उपचार चालू असलेला, यांची मालिश डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. आणि मान मोडणे तर मुळीच नाही. न्हाव्याच्या खुर्चीत मान कडाकड वाजवून घेण्याची सवय आपल्याकडे आहे. २०१७ साली दिल्ली परिसरात एका माणसाच्या मानेतील श्वासाच्या पडद्याची नस अशा प्रकाराने दुखावली व त्याचा श्वास अडकला, अशी बातमी आली होती. जी शाळा मान मोडणे शिकविते, तिच्या पायऱ्या चढू नयेत.

कागद कोणता, कामाचा किती?

या क्षेत्रात कागदांचे चार दर्जे आहेत आणि त्यांची सरमिसळ करून विद्यार्थी फसविले जातात.

पहिला, फिजिओथेरपीची पदवी. ती कित्येक वर्षांची असते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तिचा विभाग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी परिषदेकडे नोंदणी लागते आणि २०२१ पासून केंद्राचाही कायदा झाला आहे. मालिशचा छोटा वर्ग करून ‘फिजिओथेरपिस्ट’ अशी पाटी लावणे, नावापुढे ‘डॉ.’ लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने खटला ओढवून घेणे होय.

दुसरा, सरकारी निसर्गोपचाराचा मार्ग. पुण्याची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था १९८६ पासून केंद्र सरकारतर्फे चालते. ज्या ‘बापू भवना’त ती सुरू झाली तेथे पूर्वी डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजी तेथे राहत असत. ही संस्था उपचार-सहायकांसाठी एक वर्षाचा पूर्णवेळ वर्ग चालवीत आलेली आहे. ज्यांना घर सोडून राहणे शक्य आहे त्यांनी तेथे आधी चौकशी करावी. १९४६ साली गांधीजींनी स्थापन केलेला उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रमही पुण्याजवळच आहे. अशा आश्रमांत मालिश करणाऱ्यांची नेहमी गरज असते.

तिसरा, कौशल्य विकासाचा कागद. सौंदर्य व आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ‘सहायक स्पा थेरपिस्ट’ आणि ‘स्पा थेरपिस्ट’ ही कामे ठरवून दिली आहेत. त्यांचे मूल्यमापन शिकविणाऱ्याकडून नव्हे तर बाहेरच्या परीक्षकाकडून होते. मोठी हॉटेले हा कागद ओळखतात.

चौथा, शाळेचे स्वतःचे सर्टिफिकेट. त्याची किंमत त्या शाळेच्या नावाएवढीच. कागद जाड आणि शिक्का सोनेरी असला म्हणून किंमत वाढत नाही. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ असे लिहिले असेल तर कोणत्या देशाची, कोणत्या संस्थेची, हे लेखी विचारावे.

थान उलगडून पाहा

गिऱ्हाईक कापड घेताना थान उलगडून दोन्ही किनारी पाहते. शाळेचेही तसेच करावे. लहान शाळा म्हणजे वाईट शाळा असे नाही. उलट दहा मुलांना एक उस्ताद मिळाला तर हात लवकर बसतो. परंतु हिशेब मांडून पाहावा. समजा तीस दिवसांचा वर्ग रोज दोन तास आहे. झाले साठ तास. निम्मे तास फळ्यावर गेले, उरले तीस. वर्गात पंधरा विद्यार्थी आणि टेबल एकच असेल, तर प्रत्येकाचा हात प्रत्यक्ष चालणार फक्त दोन तास! एवढ्या सरावावर कोणी आपले अंग तुमच्या हवाली करील काय? म्हणून टेबले किती, हे आधी मोजावे.

फी भरण्यापूर्वी एक दिवस वर्गात बसू द्या, असे सांगावे. नाही म्हटले तर समजून जावे. शरीरशास्त्र शिकविणारा कोण, त्याची पदवी कोणती? मुलींसाठी शिक्षिका आणि स्वतंत्र खोली आहे काय? मागील वर्षी शिकून गेलेल्या तिघांना भेटता येईल काय, आणि ते आज काय कमावतात? फीची छापील पावती मिळते काय, मध्येच वर्ग सोडला तर किती परत मिळतील? आणि ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असे कोणी म्हणाले तर ते त्याच पावतीवर लिहून मागावे.

नफा-तोटा

अंदाजाचा हिशेब असा. समजा फी ३०,००० रुपये, घडीचे टेबल १२,०००, चादरी-टॉवेल-तेल ८,०००, आणि शिकण्याच्या तीन महिन्यांत बुडालेली कमाई २४,००० रुपये. एकूण ७४,००० रुपये अडकले. पुढे घरोघरी जाऊन दिवसाला तीन गिऱ्हाइके, प्रत्येकी ४०० रुपये, महिन्याला २४ दिवस धरले तर २८,८०० रुपये होतात. पहिल्या वर्षी निम्मेच काम मिळेल असे धरावे. म्हणजे १४,४०० रुपये. त्यातून पेट्रोल, तेल, धुलाईचे ४,००० वजा केले तर १०,४०० उरतात. म्हणजे भांडवल सुटण्यास सात-आठ महिने लागतील. आकडे आपापल्या वस्तीप्रमाणे बदलावेत, रीत हीच ठेवावी. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दुपारचे काम बसते आणि हिवाळ्यात सांधेदुखीचे गिऱ्हाईक वाढते, हेही धरावे. दिवसाला पाचापेक्षा जास्त पूर्ण मालिश करण्याचा हव्यास धरू नये. हातच भांडवल आहे, ते खाऊ नये.

कापडाविषयी आमचा अनुभव सांगतो. चादर सुतीच घ्यावी. पॉलिस्टरमध्ये तेलाचा वास धरतो आणि जात नाही. टॉवेल सोलापुरी टेरीचे बरे, टिकतात. तेलकट कपडे गरम पाण्यात साबण-सोड्याने धुवावेत आणि पुरते वाळल्याशिवाय ढीग करू नयेत. तेलाचे गरम कपडे गठ्ठ्यात आपोआप पेट घेऊ शकतात.

सरकारी सोपस्कार फार नाहीत. थोडी माणसे असलेल्या लहान दुकानाला २०१७ च्या कायद्याप्रमाणे गुमास्त्याची फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत न्हावी आहे, शिंपी आहे, धोबी आहे, मालिशवाला नाही. तेव्हा त्या नावाने कोणी फॉर्म भरून देण्याचे पैसे मागितले तर देऊ नयेत.

बायांचे काम

या धंद्यात सर्वांत खात्रीची मागणी बाळंतिणीच्या आणि बाळाच्या मालिशला आहे. सवा महिना तेल लावणारी बाई हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत लागते. जुन्या बाया थकल्या, नव्या येत नाहीत. येथे शिकलेल्या मुलीचे वेगळेपण दिसते. ती शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या बाईचे पोट टाके भरल्याशिवाय आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय चोळणार नाही. बाळाच्या कानात-नाकात तेल टाकणार नाही, हातपाय ओढून वळविणार नाही. बाळाला ताप दिसला तर ‘आज नको’ म्हणेल. त्या दिवसाचे पैसे बुडतील, पण ते घर तिचे कायमचे होईल.

तेव्हा पालकांनी या हुनराला नाके मुरडू नयेत आणि जाहिरातीला भुलूही नये. ज्या शाळेची टेबले मोजून झाली, शिकविणाऱ्याची पदवी पाहून झाली आणि जुन्या विद्यार्थ्यांशी बोलून झाले, तेथेच पहिला हप्ता भरावा, आणि पावती जपून ठेवावी.