‘येन’ म्हणजे गोल! जपानी चलनाच्या नावामागची गोष्ट

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बातम्यांत एक शब्द सारखा येतो, येन. जपानने दिलेले कर्ज येनमध्ये आहे आणि परतफेडही येनमध्येच व्हायची आहे. हा शब्द आला कुठून?

खरं तर जपानी माणूस ‘येन’ म्हणतच नाही, तो ‘एन’ म्हणतो. एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोक जपानी भाषा रोमन लिपीत लिहिताना ‘ए’च्या जागी ‘ये’ लिहायचे. तोक्योचे जुने नाव एदो, तेही ते ‘येदो’ लिहीत. पुढे स्पेलिंग सुधारले, पण नोटेवरचे ‘येन’ तसेच राहिले.

आणि ‘एन’चा अर्थ? गोल. वर्तुळालाही जपानीत हाच शब्द आहे.

त्याआधी जपानमध्ये ‘र्यो’ नावाचे चलन होते. एका र्योचे चार बू, आणि सोळा शू. आपल्या जुन्या लोकांना हे लगेच कळेल, कारण आपलाही रुपया चार पावल्यांचा आणि सोळा आण्यांचाच होता! १८७१ मध्ये मेइजी सरकारने हा हिशोब मोडला. एक येन म्हणजे शंभर सेन, एक सेन म्हणजे दहा रिन. आपल्याकडे शंभर पैशांचा रुपया यायला १९५७ उजाडले.

पण ‘गोल’ हे नाव जपानचे स्वतःचे नव्हते. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी स्पॅनिश लोक डॉलर पाडून आशियात आणत. चिनी व्यापाऱ्यांना तोपर्यंत चांदी तोलून घ्यायची सवय. हातात हे गोल नाणे पडले, तेव्हा त्यांनी त्याला ‘युआन’, म्हणजे गोल म्हटले. तेच अक्षर जपानीत वाचले की ‘एन’ होते आणि कोरियनमध्ये ‘वॉन’. म्हणजे तीन देशांची तीन चलने, पण मूळ शब्द एकच, आणि तोही परक्या नाण्याकडे बघून सुचलेला.

जपानची टाकसाळही अशीच. ब्रिटिशांनी हाँगकाँगमध्ये १८६६ साली टाकसाळ काढली, ती तोट्यात जाऊन दोन वर्षांत बंद पडली. तिची यंत्रे जपानने विकत घेतली आणि ओसाकाला नेली. त्याच ओसाका टाकसाळीतून येन बाहेर पडला.

यात कमीपणा काहीच नाही. दिनार आणि दिरहम आपण अरबी समजतो, पण दिनारचे मूळ रोमन ‘देनारियस’मध्ये आणि दिरहमचे ग्रीक ‘द्राख्मा’मध्ये. तरी कुरआनात सूरह आले इमरानमध्ये दिनार आहे, सूरह यूसुफमध्ये दिरहम आहेत. खलिफा अब्दुल मलिक यांनी सातव्या शतकाच्या अखेरीस नाण्यावरची चित्रे काढून टाकली, कलमा कोरला. नाव मात्र दिनारच ठेवले. बाजारात रुळलेले नाव कोणी कशाला बदलेल?

जपानी लोकांनी या शब्दातून आणखी एक अर्थ काढला आहे. पाच येनला ते ‘गो-एन’ म्हणतात. अक्षरे वेगळी, पण उच्चार तोच असलेला दुसरा ‘गो-एन’ म्हणजे आपण ज्याला ऋणानुबंध म्हणतो, साधारण तो. म्हणून शिंतो देवळात मोठ्या नोटेपेक्षा मधोमध भोक असलेले पाच येनचे नाणे टाकायची पद्धत आहे.

आता या कहाणीतली मुंबई. ब्रिटिशांना पूर्वेकडच्या व्यापारासाठी चांदीचे डॉलर कमी पडू लागले, तेव्हा १८९५ पासून ते मुंबईच्या टाकसाळीत पाडले जाऊ लागले. एका बाजूला हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया. दुसऱ्या बाजूला किंमत दोन लिप्यांत: चिनीत ‘एक युआन’, म्हणजे येनचेच ते जुने अक्षर, आणि मलय मुसलमान वापरत त्या अरबी वळणाच्या जावी लिपीत ‘सातू रिंगिट’, म्हणजे एक रिंगिट. आज मलेशियाचे चलन रिंगिटच आहे. त्याचा अर्थ दातेरी, कारण स्पॅनिश डॉलरची कड तशी असायची. एकच नाणे, चिन्यांनी त्याचा आकार पाहिला, मलयांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवले!

जुन्या नाण्यांच्या बाजारात हा डॉलर कधी दिसला तर त्रिशूळाचे मधले टोक भिंगातून बघा. तिथे बारीक ‘बी’ असेल, तर तो बॉम्बेचा.